टॉवर संपतो तिथून पुढे: सॅटेलाइट नेटवर ऑफिसचं काम

पोर्टेबल सॅटेलाइट इंटरनेटची चौकशी करणारा माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न स्पीडचा विचारतो. खरं तर त्यातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट तीच आहे. ७२०पी दर्जाच्या व्हिडिओ मीटिंगला दोन्ही बाजूंनी दीड-दोन एमबीपीएस पुरतात आणि मोकळ्या आकाशाखाली ठेवलेली छोटी छत्री (उपग्रहाशी बोलणारी अँटेना) त्याच्या कितीतरी पट देते. काम बुडतं ते आंब्याच्या एका फांदीमुळे, चुकीच्या पॉवर बँकेमुळे किंवा बँकेचा ओटीपी न आल्यामुळे. ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून शुक्रवारी निघून सोमवारची मीटिंग माळशेजच्या पायथ्याहून किंवा जव्हारच्या बाजूने करायचा बेत असेल, तर या बारीक गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात.

त्याआधी एक स्पष्ट मत. लोणावळा, कर्जत, अलिबाग, नेरळ अशा ठिकाणी जायचं असेल तर यात पैसे घालू नका. तिथे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं आणि गरज पडली तर बाहेर अँटेना जोडता येणारा फोरजी राउटर एवढ्यात काम भागतं. खोलीत रेंजची एक काडी दिसते आणि गच्चीवर तीन, असा प्रकार असेल तर अँटेना वर नेणं हाच स्वस्त उपाय. छत्रीचा उपयोग डोंगराआडच्या खोऱ्यात, जिथे टॉवरची सावलीसुद्धा पोचत नाही.

खरेदीच्या आधी कायदा

भारतात उपग्रहाशी थेट बोलणारं उपकरण परवानगीशिवाय जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांच्या सॅटेलाइट फोनवर तर इथे बंदीच आहे. ट्रेकर वापरतात ते सॅटेलाइट मेसेंजर सामानात सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना भारतातल्या विमानतळांवर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून दुबईहून किंवा अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाला ‘येताना एक छत्री घेऊन ये’ असं सांगू नका. ती कस्टम्समध्ये अडकेल. सुटून घरी आलीच, तरी छत्री कुठे आहे हे तिच्यातल्या जीपीएसमुळे कंपनीला कळतं आणि त्या खात्याला इथे सेवा मिळत नाही.

परवान्यांचं म्हणाल तर युटेलसॅट वनवेब, जिओची उपग्रह कंपनी आणि स्टारलिंक या तिघांकडे दूरसंचार विभागाचा जीएमपीसीएस परवाना, म्हणजे उपग्रहावरून दूरसंचार सेवा द्यायचा परवाना, आहे. स्टारलिंकला तो जून २०२५ मध्ये मिळाला, पुढच्याच महिन्यात इन-स्पेस या अंतराळ क्षेत्राच्या सरकारी संस्थेची मंजुरीही आली. पण परवाना आणि ग्राहकाच्या हातात पडणारी सेवा यांच्यामध्ये स्पेक्ट्रमचं (रेडिओ लहरींचं) वाटप, सुरक्षा चाचण्या असे टप्पे असतात. त्यामुळे बातम्यांवर न जाता एक साधी कसोटी लावा. कंपनीच्या स्वतःच्या भारतीय संकेतस्थळावर तुमचा पत्ता टाकून ऑर्डर घेतली जाते का, केवायसी मागतात का, आणि जीएसटीसह भारतातलं बिल मिळतं का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे जा. ‘अनलॉक केलेली’ छत्री कुणी देऊ केली तर तिथूनच मागे फिरा.

दुसरा प्रश्न प्लॅनचा. घरगुती प्लॅन नोंदवलेल्या पत्त्याला बांधलेला असतो. तो घेऊन मुरबाडला गेलात तर छत्री चालू होईल, पण नेट येईलच असं नाही. ‘हा प्लॅन पत्त्याबाहेर, राज्यात कुठेही चालतो का’ हे लेखी विचारून घ्या. परदेशात फिरताना तिथली छत्री भाड्याने घेणार असाल तर तिथेही हेच विचारायचं. शिवाय एका देशात घेतलेली छत्री दुसऱ्या देशात किती दिवस चालते यालाही मर्यादा असतात.

आकाशात नेमकं काय होतं

व्हीसॅट म्हणून आपल्याकडे बँका आणि एटीएमसाठी अनेक वर्षं वापरात असलेलं तंत्र भूस्थिर उपग्रहावर चालतं. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तुमची विनंती वर जाते, खाली येते, उत्तर पुन्हा वर जातं, पुन्हा खाली येतं. म्हणजे जवळजवळ १,४३,००० किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि बाकीची यंत्रणा धरून प्रत्यक्षात हा वेळ ६०० मिलिसेकंदांच्या वर जातो. ईमेलला याचं काही वाटत नाही, पण मीटिंगमध्ये दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात.

नवी पद्धत खालच्या कक्षेची आहे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, वनवेबचे १,२०० किलोमीटरवर. अंतर कमी झाल्यामुळे उशीर २५ ते ६० मिलिसेकंदांवर येतो, म्हणजे जवळपास घरच्या ब्रॉडबँडसारखा. पण इतक्या खाली उपग्रह एका जागी दिसत नाही. तो सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने धावतो आणि काही मिनिटांत तुमच्या आकाशातून निघून जातो. म्हणून छत्री सतत एका उपग्रहावरून दुसऱ्यावर उडी मारते. स्टारलिंकच्या जाळ्यात कोणी कोणाशी बोलायचं याची वाटणी दर १५ सेकंदांनी नव्याने होते. छत्री स्वतः हलत नाही. तिच्या पृष्ठभागाखालच्या शेकडो बारीक अँटेना एकमेकींशी वेळ जुळवून किरण हव्या त्या दिशेला वळवतात.

पुढची सगळी शिस्त यातूनच निघते. डीटीएचच्या छत्रीला आकाशातला एक ठिपका दिसला की पुरतं, हिला मात्र आकाशाचा मोठा तुकडा लागतो.

जागा निवडणं: इथेच बहुतेकांचं चुकतं

प्रवासासाठी सोयीची छत्री म्हणून २०२४ मध्ये आलेल्या स्टारलिंक मिनीचं उदाहरण घेऊ. वजन साधारण १.१ किलो, आकार सुमारे ३० सेंटिमीटर बाय २६ सेंटिमीटर, राउटर आतच. तिचं दृष्टिक्षेत्र ११० अंशांचं आहे. सपाट ठेवली तर सरळ वरपासून चहूबाजूंना ५५ अंश, म्हणजे क्षितिजापासून ३५ अंशांच्या वरचं सगळं आकाश तिला हवं असतं. झाडाची छत्रीपासूनची उंची दहा मीटर असेल, तर त्यापासून निदान १४-१५ मीटर लांब राहा. ज्या बाजूला छत्री कललेली असते त्या बाजूला ती आणखी खालचं आकाश बघते, म्हणून तिथे उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा.

आपल्याकडे ही बाजू बहुधा उत्तरेची असते आणि त्याला कारण आहे. ठाण्याच्या अक्षांशावरून भूस्थिर उपग्रहांचा पट्टा दक्षिणेच्या आकाशात, सर्वांत वर साधारण ६७ अंशांवर दिसतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या डीटीएच छत्र्या दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून उभ्या दिसतात त्या याच पट्ट्यामुळे. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांनी या पट्ट्याच्या रेषेत प्रक्षेपण करण्यावर आंतरराष्ट्रीय नियमांच्या कडक मर्यादा आहेत, नाहीतर भूस्थिर सेवांमध्ये व्यत्यय येईल. त्यामुळे दक्षिणेच्या आकाशाचा एक पट्टा तुमच्या छत्रीला निरुपयोगीच असतो. त्यात उत्तरेला डोंगर किंवा फार्महाऊसची भिंत आली तर दोन्हीकडून कोंडी. कड्याच्या दक्षिण पायथ्याशी तंबू टाकायला आडोसा छान मिळतो, पण छत्रीसाठी ती वाईट जागा.

अ‍ॅपमध्ये अडथळे तपासायची सोय असते. फोन हातात धरून आकाशभर फिरवला की कुठे अडतंय ते दिसतं. हे गाडीजवळ उभं राहून करू नका. गाडीच्या लोखंडामुळे फोनचं होकायंत्र वीस-तीस अंशांनी चुकू शकतं आणि अ‍ॅप तुम्हाला भलतीच दिशा दाखवतं. चार-पाच पावलं बाजूला जा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून होकायंत्र सुधारून घ्या आणि मग बघा.

‘थोडीशी फांदी आडवी येतेय, चालेल’ असं वाटतं तेव्हा हिशेब करावा. एक टक्का वेळ अडथळा म्हणजे तासाला ३६ सेकंद. ते सलग गेले असते तर त्रास नव्हता. पण ते दोन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत जातात. यूट्यूब आधीच पुढचा भाग साठवून ठेवतं, त्यामुळे तिथे कळतही नाही. मीटिंगमध्ये मात्र दर तीन ते पाच मिनिटांनी तुमचा चेहरा गोठतो. म्हणून स्पीड टेस्टवर विसंबू नका. लॅपटॉपवर ८.८.८.८ या पत्त्याला सलग १५ मिनिटं पिंग (उत्तर येतं का हे तपासणारी कमांड) लावून ठेवा आणि किती पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, हरवले ते बघा. अर्ध्या टक्क्याच्या आत असतील तर मीटिंग निर्धास्त घ्या. दोन टक्क्यांच्या वर गेले तर छत्री हलवा. हरवलेली पॅकेटं ठरावीक अंतराने झुबक्यांत येत असतील तर कारण बहुधा झाड किंवा भिंत, आणि विखुरलेली असतील तर आधी वाय-फाय तपासा.

वीज: वॉट-तासांचा हिशेब

मिनी चालताना २५ ते ४० वॉट खाते, सुरू होताना त्याहून जास्त. मोठी, घरगुती छत्री ७५ ते १०० वॉट. प्रवासात हा फरक निर्णायक ठरतो. आठ तासांच्या कामाचा हिशेब असा: छत्री ३५ वॉटने २८० वॉट-तास, लॅपटॉप ४० वॉटने ३२०, फोन वगैरे २०. झाले ६२०. वीज एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना साधारण १५ टक्के वाया जाते, म्हणजे साठा ७३० चा हवा. म्हणून पूर्ण दिवसाच्या कामाला १,००० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन घ्यावं. ७५० च्या आसपासचं घेतलंत तर संध्याकाळची मीटिंग काठावर येते. रात्री छत्री बंद करा. नुसती पडून असली तरी ती १५ वॉटच्या आसपास ओढते. दहा तासांत १५० वॉट-तास उगाच जातात. बर्फ वितळवायची हीटिंगची सोय सेटिंगमध्ये बंद आहे ना तेही पाहा, सह्याद्रीत तिचं काही काम नाही.

पॉवर बँकेवर लिहिलेल्या एमएएच आकड्याने फसू नका. तो आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, २७,००० म्हणजे साधारण १०० (विमानात विनापरवानगी नेता येणारी मर्यादाही तीच). त्यातले ऐंशी-पंच्याऐंशी हाती लागतात, म्हणजे मिनी अडीच तास. एका मीटिंगपुरती ही सोय उत्तम आहे, पण पॉवर बँक १०० वॉटची, २० व्होल्ट ५ अँपिअर देणारी हवी, आणि यूएसबी-सीवरून छत्रीच्या गोल पिनकडे जाणारी केबलही तेवढ्याच क्षमतेची. ६५ वॉटच्या पॉवर बँकेवर छत्री सुरू होते, उपग्रह शोधायला लागते आणि नेमकी त्या वेळी बंद पडू शकते. मग परत सुरू, परत बंद. दुसरा हमखास घोळ म्हणजे १०० वॉटच्या पॉवर बँकेच्या दुसऱ्या पोर्टला फोन लावणं. तेवढ्याने पहिल्या पोर्टची ताकद ६० किंवा ४५ वर उतरते. मीटिंगच्या मध्ये कुणीतरी फोन चार्जिंगला लावतं आणि नेट जातं.

बारा व्होल्टवर थेट चालवणाऱ्यांना तार छळते. मिनीला १२ ते ४८ व्होल्ट चालतात, पण ते छत्रीच्या तोंडाशी मिळायला हवेत. १५ मीटर लांब, ०.७५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर जाऊन-येऊन ३० मीटर तांब्याचा रोध साधारण ०.७ ओहम होतो. ४० वॉटला १२ व्होल्टवर ३.३ अँपिअर लागतात, म्हणजे सव्वादोन व्होल्ट तारेतच जिरतात आणि छत्रीला दहाच्या आत मिळतात. ती बंद पडणारच. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत घट निम्मी होते, २.५ च्या तारेत पाऊण व्होल्टच्याही आत येते. त्याहून चांगला उपाय म्हणजे बॅटरीजवळच १२ चे २४ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवणं. व्होल्ट दुप्पट केले की प्रवाह निम्मा होतो, आणि मूळ २४ व्होल्टमधून जी घट होते ती छत्रीला जाणवतही नाही.

इंजिन बंद ठेवून गाडीच्या मूळ बॅटरीवर तासन्‌तास काम करू नका. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते आणि ती स्टार्टर फिरवण्यासाठी बनवलेली आहे, खोलवर रिकामी होण्यासाठी नाही. छत्री आणि लॅपटॉप मिळून सहा-सात अँपिअर ओढतात. दोन-तीन तासांत इतकी उतरू शकते की घाटाखाली धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. सौर पॅनल उन्हाळ्यात मदतीला येतं: १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात ६०-७० वॉट देतं, दिवसभरात तीनशेच्या आसपास वॉट-तास. पावसाळ्यात ते जमेस धरू नका.

पाऊस आणि ऊन

छत्रीकडे येणारा सिग्नल १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झचा असतो, तरंगलांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पावसाचे मोठे थेंब ही लहर शोषतात आणि विखुरतात. रिमझिमीत काही होत नाही, ढगांनीही फारसं बिघडत नाही. पण जुलैत माळशेजला कोसळते तशी सर आली की नेट काही मिनिटं जातं, आणि सर ओसरली की आपोआप परत येतं. अशा वेळी छत्री हलवत बसण्यात अर्थ नाही. पृष्ठभागावर पाणी साचू नये म्हणून ती थोडी कलती ठेवा. मे अखेर किंवा ऑक्टोबरात विजा कडाडायला लागल्या तर मात्र वायर काढून छत्री आत घ्या, मीटिंग गेली तरी चालेल.

उन्हाचा त्रास लोकांच्या लक्षात येत नाही. छत्री ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली आहे, आणि मे महिन्यातला काळा कातळ किंवा गाडीचं टप दुपारी त्याच्या बरंच वर जातं. तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, मग बंद होते. खाली दोन विटा किंवा लाकडी ठोकळे देऊन हवा खेळू द्या. हलकी असल्यामुळे वाऱ्यानेही उलटते, तेव्हा पायावर दगड ठेवायचे, पृष्ठभागावर काहीही नाही.

ऑफिसचा व्हीपीएन आणि ओटीपी

अशा जोडणीवर तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही, १००.६४ पासून सुरू होणाऱ्या गटातला, अनेकांत वाटलेला पत्ता मिळतो. त्यामुळे बाहेरून तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरायची सोय चालणार नाही, पण तुमच्याकडून बाहेर जाणारा ऑफिसचा व्हीपीएन बहुधा चालतो. तो जोडला जातो पण पानं अर्धवट उघडून लटकतात, असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १२८० वर आणून बघा. आयपीचं शहर भलतंच दिसू शकतं. ऑफिसची सुरक्षा यंत्रणा त्यावर खाती गोठवत असेल तर निघण्याआधी आयटी विभागाला कळवा.

आणि ओटीपी. नेट उपग्रहाचं असलं तरी एसएमएस मोबाइलच्या जाळ्यातूनच येतो, आणि तिथे रेंज नाही म्हणून तर छत्री आणली. यावर उपाय वाय-फाय कॉलिंग. जिओ आणि एअरटेल दोघांकडे आहे. घरीच तपासा: फोन विमान मोडवर टाका, फक्त वाय-फाय सुरू करा आणि बँकेच्या अ‍ॅपमधून ओटीपी मागवा. आला तर खोऱ्यातही बहुधा येईल. नाही आला तर सेटिंग तपासा, आणि जिथे जमेल तिथे ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावून घ्या.

पूर्ण संचाची तालीमही घरीच करावी, आणि ती गॅलरीत नको. घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या गॅलरीतून अर्धंच आकाश दिसतं, त्यातही येऊरचा डोंगर किंवा समोरची इमारत आडवी. सोसायटीच्या परवानगीने गच्चीवर जा, पाण्याच्या टाकीपासून आणि लिफ्टच्या खोलीपासून दूर. बरेच दिवस बंद असलेली छत्री आधी सॉफ्टवेअर अपडेट ओढते, त्यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. ती इथे गेलेली बरी. मग नेहमीच्या व्हीपीएनवर, नेहमीच्या लॅपटॉपने, पॉवर स्टेशनवर दोन तास काम करा आणि किती टक्के बॅटरी उतरली ते लिहून ठेवा. वीज किती पुरेल याचा भरवशाचा आकडा कंपनीच्या पत्रकातून मिळत नाही, तो या कागदावर असतो. मुक्कामी पोचल्यावर मीटिंगच्या निदान पाऊण तास आधी छत्री लावा, त्यातली १५ मिनिटं पिंगसाठी राखून, म्हणजे जागा बदलायची वेळ आली तरी हातात अर्धा तास उरतो.